जास्वंदीवर पांढरं कापसासारखं चढलंय, शेतातलं औषध घरच्या कुंडीले चालते का?

ओट्यावरची_बाग
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. ओट्यावर कुंड्या आहेत, लाल जास्वंद, गुलाबी डबल जास्वंद, मोगरा, शेवंती, कुंती आणि बाजूले तुळस. लाल जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं कापसासारखं बसलंय, शेंडे आखडून गोळा झाले, पानं हाताले चिकट लागतात, खालच्या पानांवर काजळी धरल्यासारखं काळं आणि कळ्या उमलायच्या आधीच टपाटप गळून रायल्या. मुंगळ्यांची तर खोडावर रांगच लागलेली असते. गणपती-महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि दारातल्या झाडाले एक फूल नाही.
घरचे म्हणतात वावरात कपाशीचं औषध उरलंय, अर्धं झाकण बादलीत टाक अन मार, उद्या साफ. पण ओट्यावरच लेकरू रांगते, कोंबड्या फिरतात, जास्वंदीची फुलं आम्ही केसाच्या तेलात उकळतो. मन धजत नाही. काय करावं ते सांगा, आणि हे नेमकं आहे काय?

पऱ्हाटीवाला
मिलीबग. आपल्याकडे पिठ्या ढेकूण म्हणतात. कपाशीवर येते तोच, जास्वंद अन कपाशी एकाच कुळातले, भेंडी अन अंबाडी पण त्यातलीच, म्हणून तो इकडून तिकडे आरामात जाते. घराच्या भिंतीले लावून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) रचल्या आहेत का चुलीसाठी? असतील तर पयले तिथं पाहा.

ओट्यावरची_बाग
होय भाऊ, मागच्या भिंतीले रचल्या आहेत. अन कुंपणाले गाजरगवत पण माजलंय.

पऱ्हाटीवाला
मंग झालं. गाजरगवतावर पण राहते तो. कपाशी निघाली की तिथं मुक्काम. ते उपटून टाका फुलावर यायच्या आत, हातात मोजे घालून, काहीजणांच्या अंगाले खाज सुटते त्याची. औषधाचं म्हणाल तर इमिडाक्लोप्रिड थोडंसं मारलं तर चालते असं माझं मत. माणसं वावरात शेकडो पंप मारतात, कुंडीच्या एका फवाऱ्यानं काय होते.

मोगरा_मावशी
भाऊ, मी नाही म्हणते. वावरात मारणं वेगळं अन ओट्यावर मारणं वेगळं. वावरात फवारा झाला की आपण घरी येतो, ओट्यावर तर आपण जेवतो. लेकरू कुंडीची माती तोंडात घालते, कोंबडी पडलेला किडा खाते, तीच अंडी आपण खातो. अन इमिडाक्लोप्रिड झाडाच्या अंगात भिनते, रसात उतरते, म्हणून तर ते रस शोषणाऱ्या किडीवर काम करते. मग ते फुलातल्या मधातही जाईल ना? जास्वंदीवर दिवसभर शिंजीर पक्षी येतात मध प्यायले, मधमाशा येतात. अन ती फुलं तुम्ही तेलात उकळणार.

धानपट्टा_भंडारा
मावशीशी पूर्ण सहमत. आणि एक विसरू नका, 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातच कपाशीवर फवारताना किती शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, वीसच्या वर माणसं गेली. ती माणसं रोज औषध हाताळणारी होती. मोकळ्या वावरात जर हे झालं तर बंद ओट्यावर, पदरानं नाक झाकून, उघड्या हातानं बादलीत काठी फिरवून मारण्याचा विचारही करू नये. "अर्धं झाकण" हे मापच मुळात चुकीचं आहे, कोणत्या औषधाचं अर्धं झाकण? डब्यावरचा चौकोन पाहा, त्याच्या खालच्या भागाचा रंग लाल असेल तर अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक लाल रंगाच्या खुणेचं आहे, भाजीपाल्यावर वापरायले त्याला 2005 पासूनच मनाई आहे. आणि डब्यावर कोणत्या पिकासाठी ते लिहिलेलं असते. तुळस अन मोगरा त्यात सहसा नसते.

पऱ्हाटीवाला
@धानपट्टा_भंडारा ते साल मले कोणी सांगायची गरज नाही, आमच्या गावातला माणूस दवाखान्यात होता तेव्हा. मोनोक्रोटोफॉस मारा असं मी म्हटलंच नाही. पण मधाचा मुद्दा मावशीचा खरा आहे, तो माझ्या डोक्यात नव्हता. लेकराच्या घरात नका मारू, ठीक.

काटोल_संत्रा
त्या काळ्या काजळीबद्दल कोणी बोललंच नाही. संत्र्यावर आम्ही तिला कोळशी म्हणतो. तिकडं ती काळ्या माशीमुळे येते, तुमच्याकडे पिठ्यामुळे, पण रीत एकच. किडा रस शोषतो, जास्तीची साखर मागून चिकट पाणी म्हणून सोडतो, त्या चिकटावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, वरवर असते, ओल्या फडक्यानं पुसली की निघते. पण पानाले ऊन मिळत नाही म्हणून झाड बसते. म्हणजे काजळीवर बुरशीनाशक मारून फायदा नाही, चिकटा बंद झाला की काजळी आपोआप थांबते.
मुंगळेही त्या चिकटासाठीच येतात. फुकट नाही खात, बदल्यात पिठ्याची राखण करतात, पिठ्याले खाणारे ढालकिडे आले की हाकलतात, पिल्लं उचलून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. म्हणून आधी मुंगळ्यांची वाट बंद करा, नाहीतर तुम्ही धुवत राहाल अन ते नवीन आणून ठेवत राहतील.

शाळेचा_बगीचा
काटोलवाल्या दादांनी सांगितलेलं शंभर टक्के. आमच्या शाळेत कुंड्या विटांवर ठेवून विटा पाण्याच्या परातीत ठेवल्या, मुंगळे बंद झाले आणि पिठ्या निम्म्यानं कमी झाला, औषध काहीच नाही. फक्त झाडाची फांदी भिंतीले किंवा खिडकीच्या गजाले टेकलेली नको, नाहीतर मुंगळे तिकडून पूल करतात. परातीतलं पाणी दर चार-पाच दिवसांनी फेका, नाहीतर डास होतील.

खाटेवरून
मुंगळ्यांना खर्र्याचं पाणी मारा, दोन मिनिटांत सगळे गोल फिरतील 😀

मोगरा_मावशी
हसण्यावारी नेऊ नका, आमच्याकडे खरंच मारतात तंबाखूचं पाणी. पण निकोटीन हे स्वतःच जहर आहे, कातडीतून अंगात जाते. घरात नको. तंबाखूतून झाडाले विषाणूचा रोगही लागतो, टमाटा-मिरची शेजारी असेल तर त्याले पण.

खाटेवरून
मावशी मग नवऱ्याले सांगा ना हे, कातडीतून नाही थेट तोंडातून जाते त्याच्या 😄 माफी, विषयावर येतो. राखेचं काय? आमची आजी शेवंतीवर चुलीची राख भुरभुरवते सकाळी दवात.

धानपट्टा_भंडारा
राख माव्यावर (कोवळ्या शेंड्यावरचे रस शोषणारे बारीक किडे) थोडी चालते, किड्याच्या अंगाले चिकटते, पानावर बसू देत नाही. पण पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असते, त्याले राखेनं काही होत नाही. अन रोज रोज कुंडीत राख पडली तर माती खारट होते, जास्वंदीची पानं पिवळी पडतात. कधीमधी ठीक.

ओट्यावरची_बाग
सगळ्यांचे आभार. मग मेण कशानं निघते? साबणानं?

मोगरा_मावशी
हो बाई, साबणच. मी करते ती पद्धत सांगते, सावकाश वाच.
पहिले जास्त भरलेले शेंडे कापून टाक. कापलेलं उकिरड्यावर फेकायचं नाही, पिशवीत बांधून उन्हात ठेवायचं नाहीतर जाळायचं. मग कुंडी आडवी करून, मातीवर प्लास्टिक बांधून, पाईपच्या जोरदार धारेनं पानाखालून, फांदीच्या बेचक्यातून धू. अर्धा कारभार पाण्यानंच उरकतो. उरलेले जे बेचक्यात दडलेले असतात ते जुन्या दातांच्या ब्रशनं साबणपाणी लावून घासून काढ. एक लिटर पाण्यात चमचाभर भांड्याचा लिक्विड साबण, बस. कपडे धुवायची पावडर नको, त्यातला सोडा पानं जाळतो. तासाभरानं साध्या पाण्यानं परत धू.
आणि सगळ्यात महत्त्वाचं हे एकदा करून होत नाही. अंडी त्या कापसाच्या पिशवीत असतात, शेकड्यानं, साबणानं मरत नाहीत. म्हणून दर सात-आठ दिवसांनी पुन्हा, महिनाभर तरी. बायका एकदा धुतात, पंधरवड्यानं परत दिसलं की म्हणतात काही उपयोग नाही झाला.

वाशीमकर_ताई
स्पिरिटचा बोळा पण. मेडिकलमध्ये जखमेचं स्पिरिट मिळते, कापसाचा बोळा बुडवून थेट किड्यावर टेकवायचा, मेण विरघळून जागीच मरतो. अडेनियम आणि गुलाबावर मी हेच करते. आधी एका पानाले लावून दुसऱ्या दिवशी पाहायचं, कोवळ्या पानाले चटका बसू शकते. आणि उन्हात नाही, दिव्याजवळ तर मुळीच नाही, पेट घेते.

अमरावती_कृषी
निंबोळी राहिली की. पाच टक्के निंबोळी अर्क, तोच कपाशीवाला, घरच्या मापानं: 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळीचा भरडा फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळून पिळून दुधासारखं पाणी काढा, गाळा, चिमूटभर साबण मिसळा, त्याच दिवशी मारा. शिळा अर्क कामाचा नाही. फवारा संध्याकाळीच, कारण त्यातलं ॲझाडिरॅक्टिन उन्हानं लवकर मोडते. निंबोळी तेल आणलं असेल तर लिटरला 5 मिली, पण आधी साबण पाण्यात मिसळा मग तेल, नाहीतर तेल वर तरंगते आणि कुठं जास्त कुठं कमी पडते. मारता मारता बाटली हलवत राहा.
हे लगेच मारत नाही. किडा खाणं सोडतो, कात टाकू शकत नाही, पिल्लं वाढत नाहीत. दुसऱ्या दिवशी किडा जिवंत दिसला म्हणून डोस दुप्पट करू नका.

पऱ्हाटीवाला
निंबोळी फुकटची आहे, गावात कडूलिंबाची झाडं काय कमी आहेत? जूनमध्ये खाली पिवळा सडा पडते तेव्हा गोळा करून, गर धुवून, सावलीत वाळवून पोत्यात ठेवा. प्लास्टिकच्या थैलीत नका ठेवू, बुरशी धरते.

शाळेचा_बगीचा
दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचा) कोणी केलाय का घरच्या फुलझाडांसाठी? कडूलिंब, निरगुडी, घाणेरी, सीताफळ, करंज, एरंड, रुई, पपई सगळं शाळेच्या आवारातच आहे.

मोगरा_मावशी
वावरासाठी कर. शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा, रोज ढवळायचा, ओट्यावर त्याच्या वासानं पाहुणा चहा न घेता जाईल.

पांढरकवडा_पोट्टी
माझा प्रश्न वेगळा आहे पण इथंच विचारते. मोगऱ्याची पानं मे महिन्यात पिवळट ठिपक्यांची होतात, मग करपल्यासारखी, पानाखाली बारीक जाळं. दुकानदारानं माव्याचं औषध दिलं, काही फरक नाही पडला, उलट वाढलं.

अमरावती_कृषी
लाल कोळी. तो कीटक नाहीच, त्याले आठ पाय असतात, कोळ्याच्या जातीचा. माव्याचं औषध त्याच्यावर चालत नाही, उलट त्याले खाणारे मित्रकिडे मरतात आणि तो मोकाट सुटते. खात्री करायची असेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका, मोहरीहून बारीक ठिपके चालताना दिसतील.
आपल्या उन्हाळ्यात, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कोरडी गरम हवा असली की त्याची पिढी आठवड्यात तयार होते. पाणी हेच औषध, रोज सकाळी पानाखालून धार मारा, जाळं तोडा. कुंडी तापलेल्या भिंतीपासून दूर हलवा, शेडनेट असेल तर सावली करा. गंधक चालते पण मे महिन्यात गंधक मारलं तर पानं जळतात, अन तेल मारलेल्या झाडावर तर लगोलग मुळीच नाही. पावसाळा लागला की तो आपोआप कमी होते.

पांढरकवडा_पोट्टी
भिंतीलेच लागून होता मोगरा, पश्चिमेच्या. आता कळलं.

वाशीमकर_ताई
मोगऱ्याच्या कळ्या जांभळट होऊन आत भोक पडते, ते वेगळं बरं का. ती कळी पोखरणारी अळी. तशा कळ्या रोज तोडून साबणपाण्यात टाकायच्या, जमिनीवर पडलेल्या पण वेचायच्या.

खाटेवरून
आमच्या जास्वंदीवर लाल-काळे किडे आहेत, जोडीनं फिरतात, एकाले दुसरा चिकटलेला. नवरा-बायको काय ते?

पऱ्हाटीवाला
होय, तेच 😀 लाल ढेकण्या. सरकीतून रस घेते, म्हणून जास्वंद-भेंडीवर पण येते. झाडाचं जास्त नुकसान नाही करत. खाली साबणपाण्याचं टोपलं धरून फांदी झटका, पडतात सगळे.

काटोल_संत्रा
ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये कुंती लिहिली आहे म्हणून सांगतो, कुंती, कढीपत्ता आणि संत्रा-लिंबू एकाच कुळातले. कुंतीच्या कोवळ्या फुटव्यावर बारीक करडे किडे बसतात, शेपटी वर करून, ती सायला. नुसता रसच नाही शोषत, संत्र्याच्या झाडाले ग्रीनिंग रोग पोचवते. आमच्याकडे बागेजवळ कुंतीची कुंपणं आहेत तिथं हा धोका असते. तुमच्या घराजवळ कोणाची संत्र्याची बाग असेल तर नवीन फूट आली की कुंतीवर निंबोळी अर्क न चुकता मारा. घराची कुंडी म्हणून दुर्लक्ष करू नका, बागवाल्याचं वर्षाचं उत्पन्न असते ते.

ओट्यावरची_बाग
बाग आहे, दोन वावरं सोडून, चुलत सासऱ्यांची! हे त्यांनाही सांगते.
आणि तुळशीचं काय? तिची पानं पण आखडली आहेत, बारीक काळे ठिपके.

मोगरा_मावशी
तुळशीवर साबण पण नको, रोज पान तोंडात जाते. मंजिऱ्या खुड, आखडलेले शेंडे खुड, पाण्यानं पानाखालून धू. पानाखाली बारीक जाळीच्या पंखाचे किडे दिसतील तर हातानंच पुसून काढ. फारच झालं तर निंबोळी अर्क, अन मग आठ दिवस पान खायचं नाही.

धानपट्टा_भंडारा
युरिया टाकता का कुंडीत? बरेच जण वावरातला मूठभर आणून टाकतात. जास्त नत्रानं फूट कोवळी लुसलुशीत येते आणि मावा-पिठ्या तिथंच बसतात. शेणखत-गांडूळखत बास.

ओट्यावरची_बाग
टाकतात इथं. बंद करायले लावते.

---

ओट्यावरची_बाग (काही दिवसांनी)
मंडळी, मावशीच्या पद्धतीनं धुतलं, पराती ठेवल्या, पऱ्हाट्या भिंतीपासून हलवून कोठ्यामागे नेल्या. नवीन शेंडे स्वच्छ आहेत, गुलाबी जास्वंदीले कळ्या टिकल्या. पण आता एका फांदीवर पिठ्यासारखेच पण मोठे, लांब लांब पांढऱ्या झिपऱ्यांचे किडे आहेत आणि ते जोरात पळतात. दुसरी जात का? ब्रशनं काढू?

काटोल_संत्रा
थांबा!! काढू नका. पिठ्या इतका पळत नाही, जागेवर चिकटून असते. पळणारे असतील तर ती ढालकिड्याची अळी आहे, क्रिप्टोलेमस, पिठ्या खाऊनच मोठी होते आणि दिसते पण त्याच्यासारखीच. दोन दिवस बघा, ती पिठ्याच्या गोळ्यात तोंड खुपसून बसलेली दिसेल. त्या फांदीवर ना साबण, ना निंबोळी.

शाळेचा_बगीचा
ताई फोटो टाका ना, पोरांना दाखवायचा आहे.

ओट्यावरची_बाग
टाकते. खरंच खात आहे दादा, आता पाहिलं. घरच्यांनाही बोलावून दाखवलं, ते म्हणे मारलं असतं औषध तर हे पण मेले असते. डबा आता वावरातल्या खोलीत कुलपात ठेवला आहे.

पऱ्हाटीवाला
ते बरं केलं. थंड्याच्या बाटलीत औषध काढून ठेवायची सवय पण असेल कोणाले तर मोडा, लेकरं बाटली पाहून पितात.

पांढरकवडा_पोट्टी
व्हर्टिसिलियम नावाची पावडर ऐकली आहे मिलीबगसाठी, ती घरी चालते का? कुठं मिळते?

अमरावती_कृषी
चालते. व्हर्टिसिलियम लेकॅनी, ती किड्याले रोग लावणारी बुरशी आहे, माणसाले नाही. लिटरले 5 ग्रॅम, संध्याकाळी, हवेत ओल असताना म्हणजे श्रावण-भादव्यात चांगली लागू होते, मे महिन्यात वाया जाते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पाकिटावरची तारीख बघूनच घ्या, जिवंत बुरशी आहे, जुनी झाली की नुसती पावडर. मारायच्या आधी-नंतर आठवडाभर त्या झाडावर बुरशीनाशक नको, अन पंप आधी औषधाचा वापरलेला असेल तर तो मुळीच नको, नवी फवारा-बाटली घ्या.